विमानतिकिटाचे गुण

रायपूरच्या पंडरी कापडबाजारात थानाची लांबी मीटरने मोजतात. माल सुरतेहून आला म्हणून ती वाढत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत मात्र ती वाढते. परिषदेतील व्याख्यानाला वा निबंधवाचनाला परदेशात 7 गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 5, राष्ट्रीय परिषदेत 3, राज्य वा विद्यापीठ पातळीवर 2. तेच संशोधन, तोच वक्ता, रायपुरातल्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात बोलला तर 2, बँकॉकला जाऊन बोलला तर 7. वरचे 5 गुण विमानतिकिटाचे. सहयोगी प्राध्यापकपदाला किमान 75 आणि प्राध्यापकपदाला 120 संशोधन-गुण लागत असताना हा फरक किरकोळ नव्हे. व्याख्यानांच्या गुणांना 30 टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे; पण मर्यादेने माप सुधारत नाही.

शिवाय सन्मानाने बोलावलेला वक्ता आणि नोंदणीशुल्क भरून दहा मिनिटे मिळवणारा उमेदवार यांना या तक्त्यात दर एकच.

याचे टोक मुंबईने पाहिले. जानेवारी 2015 मध्ये मुंबई विद्यापीठातील 102 व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस यांनी वेदकाळात ग्रहांवरून ग्रहांवर जाणारी विमाने होती, असे सांगितले. आधार होता ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा. तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवले होते. त्याच अधिवेशनात नोबेल मानकरीही बोलले. परिचयपत्रात दोघांची ओळ सारखीच उतरते: शीर्षक, परिषद, स्थळ, वर्ष.

ही ओळ प्रामाणिक करणे विद्यार्थ्याच्या हाती आहे. निमंत्रित व्याख्यान, निवडीतून मिळालेले भाषण आणि भित्तिपत्र यांच्या याद्या वेगळ्या असाव्यात. सहलेखकाने वाचलेल्या निबंधात प्रत्यक्ष वाचणाऱ्याचे नाव ठळक असावे. एकच भाषण पाच ठिकाणी दिले असेल, तर ते एक शीर्षक व पाच स्थळे असे लिहावे; पाच भाषणे म्हणून नव्हे. (मार्गदर्शकाच्या यादीत हे आढळत नाही, ही सबब चालणार नाही.)

निवड समित्यांचे काम तर याहून सोपे आहे. यादीतील कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून त्या सभेत कोणता प्रश्न आला आणि उत्तर काय दिले, एवढे विचारावे. त्यासाठी आयोगाच्या नव्या तक्त्याची वाट पाहावी लागत नाही.