उद्यानाचा विश्वस्त कोण?

वऱ्हाडाला समुद्र नाही. त्यामुळे १९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात असताना येथील जनतेने आपला सत्याग्रह जंगलात नेला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कारावास पत्करला. त्यानंतर अकराच दिवसांनी, २१ जुलैला, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह हाच कायदा मोडला आणि नऊ महिन्यांची शिक्षा भोगण्यासाठी ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. कापलेले गवत मूठभरच असेल, परंतु त्यामागचा प्रश्न मोठा होता. गावाभोवतालची हिरवळ कोणाची? कागदावर शिक्का मारणाऱ्या सत्तेची, की तिच्या सावलीत जगणाऱ्या समाजाची?

ते लोहारा आज यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. गेल्या दशकात शहराची हद्द वाढली आणि लोहाऱ्यासह वाघापूर, उमरसरा, वडगाव, मोहा, भोसा, पिंपळगाव ही गावे शहरात आली. १९३०चा तो प्रश्नही त्यांच्याबरोबर शहरात आला आहे. फरक एवढाच की, आता सत्ता परकी नाही. मग नगरातील उद्याने, क्रीडांगणे आणि लेआऊटमधील मोकळ्या जागा यांचे नियोजन कोण करते, त्यांच्या कामावर देखरेख कोण ठेवते आणि ती जागा ओसाड झाली तर जाब कोणाला विचारायचा?

कायदा आहे, व्यवस्था आहे

कायद्याचा अभाव ही या प्रश्नाची अडचण नाही. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याच्या विषयांची जी बारावी अनुसूची घटनेत आली, तिच्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे या सुविधांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रत्येक नगरपरिषदेला विकास आराखडा करावा लागतो आणि त्यात उद्यानांसाठी जागा आरक्षित ठेवाव्या लागतात. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर त्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. १९७५च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण, ठरावीक काळाने करावयाची वृक्षगणना आणि वृक्ष अधिकारी अशी रचना दिली. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील वृक्षाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. घरपट्टीच्या देयकात वृक्षकर नावाचा एक रकाना असतो. तो नागरिक दरवर्षी निमूटपणे भरतात. मात्र त्या पैशातून आपल्या प्रभागात कोणते झाड जगले, हे विचारणारे किती?

अर्थात, या तरतुदी विखुरलेल्या आहेत, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. आराखडा नगररचना विभागाचा, झाडे वृक्ष प्राधिकरणाची, भिंत आणि फाटक बांधकाम विभागाचे, पाणी पाणीपुरवठ्याचे आणि झाडलोट आरोग्य विभागाची. नगरपरिषदेत बांधकाम, शिक्षण, स्वच्छता व आरोग्य, पाणीपुरवठा, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात. उद्यानांसाठी स्वतंत्र समिती सहसा नसते. घरात पाच कर्ते असावेत आणि चूल मात्र कोणीच पेटवू नये, तशी ही अवस्था आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराने १८८३ सालीच उद्यानांसाठी स्वतंत्र, लोकनिर्वाचित मंडळ स्थापन केले आणि ते आजही कार्यरत आहे. तेथील सर्व काही अनुकरणीय आहे असे नव्हे, पण बाग सुकली तर कोणाच्या दारात जायचे हे तेथील नागरिकाला ठाऊक असते. इतके लांब जाण्याचेही कारण नाही. बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८७९ साली, उभी राहिलेली कमाटी बाग जवळपास दीड शतकानंतरही त्या शहराचे भूषण आहे.

भूमिपूजन ते लोकार्पण

उद्यानाच्या कामाची सर्वपरिचित वाटचाल पाहा. निधी मंजूर होतो. तो कधी जिल्हा नियोजन समितीचा असतो, कधी नगरोत्थानचा, कधी आमदार निधीचा. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत अभियानातही हरित क्षेत्रांसाठी तरतूद होती आणि यवतमाळ हे त्या अभियानातील शहर. मग अंदाजपत्रक तयार होते. त्यात आवारभिंत, प्रवेशद्वार, पेव्हर ब्लॉकची पायवाट, कारंजे, दिवे, ओपन जिम आणि अलीकडे न चुकता सेल्फी पॉइंट असतो. निविदा निघते, भूमिपूजन होते, कोनशिला बसते, लोकार्पण होते, देयक अदा होते. त्यानंतर पहिला उन्हाळा येतो.

खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. अंदाजपत्रकात माळ्याचा पगार नसतो, कारण पगार हे ‘काम’ नव्हे. कारंज्याची मोटार जळते, तिच्या दुरुस्तीला शीर्ष सापडत नाही. बाहेरून आणलेली हिरवळ पाण्यावाचून करपते. झोपाळ्याची साखळी तुटते आणि महिनोन्महिने तशीच लोंबकळत राहते. कुलूप लागते, काँग्रेस गवत माजते, संध्याकाळी नको ती मंडळी जमू लागतात आणि लेकुरवाळ्या माता तिकडे फिरकेनाशा होतात. तीन-चार वर्षांनी त्याच जागेच्या ‘सुशोभीकरणा’साठी नवा निधी मंजूर होतो आणि नवी कोनशिला बसते.

हा दोष एका गावाचा नाही, एका पक्षाचा तर मुळीच नाही. तो दृष्टीचा दोष आहे. उद्यान हे बांधकाम समजले जाते. वस्तुतः ते संगोपन आहे. बांधकाम पूर्ण होण्याची एक तारीख असते, बागेच्या बाबतीत तशी तारीख येतच नाही.

आपल्या परंपरेला हा भेद चांगला ठाऊक होता. विहीर, तलाव, धर्मशाळा आणि आराम, म्हणजे लोकांसाठी लावलेली बाग, यांची गणना आपल्या पूर्वजांनी ‘पूर्त’ या धर्मकार्यात केली आणि नव्या निर्मितीइतकेच महत्त्व जीर्णोद्धारालाही दिले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांची त्रिशताब्दी २०२५ साली देशभर साजरी झाली. त्यांच्या कार्याचा मोठा भाग पडझड झालेल्याला पुन्हा उभे करण्याचा होता. जयंतीच्या मिरवणुका काढणाऱ्या नगरांनी आपल्या मोडक्या बागेकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

पाणी आणि झाड

यवतमाळच्या बाबतीत आणखी एक विचार अटळ ठरतो. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणे आटली, तेव्हा नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात लोकांचे आठवडे गेले. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची योजना त्यानंतर चर्चेच्या केंद्रस्थानी आली. अशा शहरात रोज पाणी मागणारी हिरवळ आणि उंच उडणारी कारंजी हे उद्यानाचे लक्षण मानणे म्हणजे दुष्काळात जेवणावळी घालणे होय.

या जिल्ह्याची भूमी झाडांच्या बाबतीत दरिद्री नाही. सागवान, मोह, पळस, चारोळी, बेहडा, अर्जुन, कडुनिंब ही येथली झाडे. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये याच जिल्ह्याची संपत्ती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो, तेव्हाही वड, पिंपळ आणि निंब उभे असतात. पहिली दोन-तीन वर्षे जपले की ती झाडे पुढे माणसाला जपतात. वणीसारख्या, कोळशाच्या खाणींची धूळ श्वासात घेणाऱ्या गावात तर दाट पानांची झाडे हा औषधोपचाराचाच भाग मानला पाहिजे. बागेच्या आराखड्यावर अभियंत्याच्या स्वाक्षरीबरोबर वनस्पती जाणणाऱ्या माणसाचीही स्वाक्षरी असावी. तसा माणूस बहुधा गावातल्याच महाविद्यालयात शिकवत असतो. त्याला बोलावण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

जागाच गेली तर?

सुकलेली बाग पुन्हा फुलविता येते, पण हातची गेलेली जागा परत येत नाही. खरा धोका तेथे आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७नुसार आराखड्यातील आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु नोटीस टेबलावर पडून राहिली आणि मुदत उलटून गेली, तर उद्यान नकाशावरून नाहीसे होते आणि त्याची बातमीही होत नाही.

लेआऊटमधील मोकळ्या जागांची कथा याहून निकटची. २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडणे बंधनकारक आहे. वाढत्या यवतमाळच्या, पुसदच्या, दारव्ह्याच्या, उमरखेडच्या नव्या वसाहतींत ‘ओपन स्पेस’ म्हणून जी जागा लोक ओळखतात ती हीच. प्लॉट घेणाऱ्या शिक्षकाने, कारकुनाने, शेती सांभाळून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेल्या कुटुंबाने प्लॉटच्या भावात या मोकळ्या जागेचीही किंमत मोजलेली असते. तरीही तिचे कागद कोणाकडे आहेत, सीमा कोठून कोठपर्यंत आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. तेथे प्रथम विटा पडतात, मग टिनाचे शेड उभे राहते आणि पुढे पक्की भिंत. श्रद्धेच्या नावाने झाले तरी अतिक्रमण ते अतिक्रमणच. मुलांचे मैदान बळकावून कोणत्याही दैवताचा गौरव होत नाही, हे सांगण्याचे धैर्य समाजातील जाणत्यांनी दाखविले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत निःसंदिग्ध भूमिका घेतलेली आहे. बेंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय तेथील रहिवाशांनी आव्हानित केला आणि १९९१ साली न्यायालयाने रहिवाशांचा पक्ष उचलून धरला. रुग्णालयही लोकोपयोगीच, हा युक्तिवाद टिकला नाही. लखनौमध्ये स्वातंत्र्य चळवळीशी निगडित असलेल्या झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधण्याचा करार तेथील महापालिकेने निविदा न काढताच केला होता. १९९९ साली न्यायालयाने ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. या निर्णयांचे सार एका शब्दात सांगायचे तर नगरसंस्था ही उद्यानाची मालक नसून विश्वस्त आहे.

समाजाचा वाटा

नगरपरिषदांची बाजूही ऐकली पाहिजे. उत्पन्न तुटपुंजे, कर्मचारी अपुरे, पाणी आणि कचरा यांतून डोके वर काढायला सवड नाही. त्यावर खासगी संस्थांना बागा दत्तक देण्याचा उपाय सुचविला जातो. तो सर्वस्वी त्याज्य नाही, सरसकट स्वीकारार्हही नाही. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावर इतका लोकक्षोभ झाला की, जानेवारी २०१६मध्ये मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. भीती अशी की, पालक म्हणून आलेला मालक होऊन बसेल. उलट पुण्याच्या एम्प्रेस गार्डनची निगा एक जुनी कृषी-उद्यान संस्था पिढ्यान्‌पिढ्या राखत आली आहे. म्हणजे प्रश्न खासगी की सरकारी असा नाही. फाटक सर्वांसाठी उघडे राहते का, हिशेब सर्वांना दिसतो का आणि करार मोडता येतो का, या तीन कसोट्यांवर दत्तकविधान पारखले पाहिजे.

करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. प्रत्येक नगरपरिषदेने आपल्या सर्व उद्यानांची, मैदानांची आणि लेआऊटमधील मोकळ्या जागांची क्षेत्रफळ व सीमांसह नोंदवही प्रसिद्ध करावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती आपणहून देण्यास सांगतेच. अंदाजपत्रक मंजूर करतानाच पुढील पाच वर्षांच्या माळ्याची आणि पाण्याची तरतूद त्यात असावी. ती नसेल तर काम मंजूर होऊ नये. कंत्राटदाराच्या रकमेचा काही भाग पहिला उन्हाळा उलटून झाडे जगल्यावरच मिळावा. आणि प्रत्येक बागेसाठी परिसरातील पाच-सात नागरिकांची देखरेख समिती असावी. तीत एक निवृत्त गृहस्थ असावा, एक गृहिणी असावी, एक क्रीडाशिक्षक असावा. तिच्या मासिक नोंदीखेरीज देखभालीचे देयक निघू नये.

राज्यातील अनेक नगरपरिषदांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होता. डिसेंबर २०२५मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात येऊ लागली. जाब विचारता येईल अशी माणसे आता प्रभागात आहेत, ही मोठीच संधी होय. मात्र जाब विचारणाऱ्यानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. रोप लावताना छायाचित्रात उभे राहणारे पुष्कळ असतात. मे महिन्याच्या दुपारी त्याला बादलीभर पाणी घालणारा विरळा असतो. समाजाचे काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याला याहून जवळचे, याहून निर्विवाद क्षेत्र कोणते? आपल्या लेआऊटच्या मोकळ्या जागेचा नकाशा नगरपरिषदेतून मिळवावा, शेजाऱ्यांना जमवावे, सीमा पाहून घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी निंबाची, वडाची रोपे आणावीत.

लोहाऱ्याच्या जंगलात गवत कापणाऱ्यांनी तुरुंगवास पत्करून सांगितले होते की, ही हिरवळ समाजाची आहे. स्वतंत्र देशात ते सिद्ध करण्यासाठी तुरुंगात जावे लागत नाही. सायंकाळचा एक तास आणि हिशेब विचारण्याची चिकाटी एवढीच किंमत आज मोजावी लागते. उद्यानाचा कायदेशीर विश्वस्त नगरपरिषद आहे. परंतु विश्वस्ताला जागे ठेवणारा लाभार्थीच झोपी गेला, तर जगातील कोणताही कायदा त्याची बाग राखू शकणार नाही.