गेला भाडेकरू, उरला पसारा

सदाशिव पेठेतली कॉट-बेसिसवरची जागा सोडताना मुलं बॅग उचलतात आणि निघतात. मागे दोन हँगर, जुनं कॅलेंडर आणि मेसचं कार्ड राहतंच! सॉफ्टवेअरचंही तसंच. 'अनइन्स्टॉल'वर क्लिक केलं की मुख्य प्रोग्रॅम जातो. पण सेटिंग्ज, लॉग फाइल्स आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी बऱ्याचदा तिथेच राहतात.

गंमत म्हणजे, यातलं बरंचसं मुद्दाम ठेवलेलं असतं. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंच बघा ना. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी उभी केलेली ही कंपनी. तिचा अँटिव्हायरस काढताना दोन पर्याय असतात : पूर्ण काढा, किंवा अपडेटच्या फाइल्स ठेवून काढा. पुन्हा तोच टाकणार असाल तर दुसरा पर्याय बेस्ट. दुसऱ्या कंपनीचा टाकायचाय? मग पहिलाच. एकाचे अवशेष दुसऱ्याच्या पायात येतात. म्हणूनच नॉर्टन, मॅकॅफी यांची खास रिमूव्हल टूल्सही आहेत.

बाकी प्रोग्रॅम्ससाठी सोपा फंडा. अनइन्स्टॉल करा, मशीन रीस्टार्ट करा. मग विंडोज की आणि 'आर' दाबून, परसेंटच्या दोन खुणांमध्ये 'अ‍ॅपडेटा' हा शब्द इंग्रजीत टाइप करा. काढलेल्या प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर दिसला तर तेवढाच उडवा. नाव ओळखीचं नसेल, तर हात लावू नका.

आणि रजिस्ट्री? ती राहू द्या हो! लाखो नोंदींमध्ये पाचपन्नास मेलेल्या असल्या म्हणून पीसी स्लो होत नाही. चुकीची एक उडाली, तर मात्र विंडोज सुरू व्हायची पंचाईत. रजिस्ट्री क्लीनर्सना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. २०१७मध्ये तर सीक्लीनर या लोकप्रिय सफाई सॉफ्टवेअरच्या एका व्हर्जनमध्येच हॅकर्सनी घातक कोड घुसवला होता. सुमारे २२ लाख ७० हजार लोकांपर्यंत ते पोचलं. अगदीच नाइलाज झाला, तर आधी ती नोंद 'एक्स्पोर्ट' करून ठेवा.

खरी काळजी स्पीडची नाही, प्रायव्हसीची करा. मागे राहिलेल्या फोल्डरमध्ये तुमचं चॅट, सेव्ह केलेलं लॉगिन असू शकतं. जुना लॅपटॉप विकताय किंवा मावसभावाला देताय? मग एकेक फोल्डर शोधत बसू नका. बॅकअप घ्या, विंडोजच्या सेटिंग्जमधून पीसी रीसेट करा आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. विकायचाच असेल, तर 'क्लीन डेटा'ही ऑन करा. वेळ लागेल, पण लागू दे!