बंद घरे आणि महाग निवारा

चतुर्थीच्या दिवसांत मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांतील वाड्या गजबजून जातात. विसर्जन आटोपले की चाकरमानी परततात आणि घराघरांना पुन्हा कुलपे लागतात. त्याच सुमारास मालवण, कुडाळ किंवा ओरोस येथे बदली होऊन आलेला शिक्षक अथवा कारकून दोन खोल्यांच्या वाजवी भाड्याच्या जागेसाठी वणवण करीत असतो. घरे रिकामी आणि निवारा मात्र दुर्मीळ, ही विसंगती केवळ बांधकाम वाढवून दूर होणारी नाही. तिचे मूळ रोजगाराच्या रचनेत आणि मालकी हक्काच्या गुंतागुंतीत आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. राज्य वाढत असताना जिल्हा आक्रसला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १०७९ वरून १०३६ वर आले, तरीही ते हजाराच्या वरच राहिले. पुरुष बाहेरगावी असल्याची ही जुनी खूण होय. प्रमाणातील घटीचा एक अर्थ असाही संभवतो की, पूर्वी कर्ता पुरुष जात असे, आता सबंध कुटुंबच जाते.

हा बदल समजण्यासाठी गिरणगावाकडे पाहावे लागते. गिरणी कामगार मुंबईत गाववाल्यांच्या सामायिक खोलीत पथारी टाकून राहत असे. तेथे कुटुंबाला जागा नव्हती. म्हणून बायकामुले गावी राहत आणि मनिऑर्डरही गावीच येई. त्या पैशातून कौले शाकारली जात, शेती होई, मुलांची फी भरली जाई. मुंबईतील जागेच्या टंचाईनेच एका अर्थी कोकणातील घर जागते ठेवले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि ही व्यवस्था कोलमडली. पुढील पिढीने डोंबिवली, विरार येथे कर्जाने सदनिका घेतल्या. आता बचत तेथील हप्त्यांत जाते. गावच्या घराच्या वाट्याला चतुर्थीपुरती डागडुजी येते.

मग ही घरे भाड्याने का दिली जात नाहीत? पहिले कारण सातबारा व घरपत्रक. आजोबांच्या नावापुढे वारसांची नावे लागत गेली. वाटणी मात्र झालीच नाही. दुरुस्तीचा खर्च करावयास एकालाही उत्साह नसतो आणि सर्वांच्या सह्यांवाचून बँक कर्ज देत नाही. दुसरे कारण मनातले आहे. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने तो कायदा आवश्यकच होता. परंतु ‘दिले ते गेले’ ही धास्ती त्याने मागे ठेवली आणि ती जमिनीवरून घरावरही पसरली. वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवल्यास मुदतीनंतर ताबा परत मिळविण्याची सोय आहे. कायदा बदलला, भीती बदलली नाही.

तिसरे कारण पर्यटन. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. तारकर्ली-देवबागच्या अनेक कुटुंबांना निवास-न्याहारीने हाताला काम दिले, हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. तथापि हंगामातल्या मोजक्या रात्रींचे उत्पन्न महिन्याच्या भाड्याला सहज मागे टाकू लागले, की खोली पाहुण्याकडे वळते आणि स्थायिक भाडेकरू बाहेर पडतो. शिवाय पर्यटनाचा रोजगार पावसाळ्यात थबकतो; जून-जुलैत मासेमारीही बंद असते. मजुरी आठ महिन्यांची आणि भाडे बारा महिन्यांचे, हे गणित तरुण कुटुंबाला जुळत नाही. परिणामी सावंतवाडी-दोडामार्गचा तरुण गोव्याची वाट धरतो आणि देवगडच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी कामगार येतो. जिल्ह्यात काम अगदीच नाही असे नव्हे. संसार उभा राहील असे बारमाही काम नाही.

म्हणून धोरणाचा क्रम महत्त्वाचा. पहिले पाऊल वाटणीचे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ मध्ये शेतजमिनीच्या वाटपाची तरतूद आहेच. सर्व वारस गावात असतात त्या चतुर्थी व मे महिन्याच्या दिवसांत मंडळनिहाय शिबिरे भरवून जमीन आणि घर या दोहोंचे तंटे समेटाने मिटवता येतील. दुसरे, घरपट्टीत भेद करावा. स्वतः राहून दोन खोल्या पाहुण्यांना देणारा ग्रामस्थ आणि बाहेरून येऊन केवळ गुंतवणूक करणारा निवासचालक यांना एकाच मापाने मोजू नये. बंद घर वर्षाच्या कराराने शिक्षक, परिचारिका, कर्मचारी यांना देणाऱ्यास मात्र सवलत द्यावी. तिसरे, प्रक्रिया उद्योग. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारखी काजूची वाणे दिली. तरीही देशातील काजू कारखाने कच्च्या बियांसाठी आफ्रिकेकडे पाहतात. काजू, कोकम, आंबा आणि मासळी यांवरील प्रक्रिया पावसाळ्यातही चालू शकते, हेच तिचे मोल.

एखादा मोठा प्रकल्प आला की सारे सुटेल, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु मालकी अस्पष्ट असलेल्या गावात प्रकल्पाने जमिनीचे भाव प्रथम वाढतात आणि रोजगार मागाहून येतो. त्या मधल्या काळात विकून जाणाराच अधिक असतो.

२०१२ मध्ये स्थापन झालेले कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात अग्रेसर राहिले आहे. जिल्हा आपली मुले उत्तम शिकवतो आणि शिकलेली मुले बाहेर धाडतो. गावातील शाळेची पटसंख्या घटते, मग शाळाच धोक्यात येते आणि उरलेल्या कुटुंबालाही गाव सोडण्यास आणखी एक कारण मिळते. २०२१ ची नियोजित जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही. पुढील गणनेत घरयादी होईल तेव्हा बंद घरांची गाववार नोंद जिल्हा परिषदेने वेगळी काढावी. त्या नोंदीवरूनच निवारा आणि रोजगार यांचे नियोजन एकत्र करावे लागेल. आजवर ही दोन खाती दोन कार्यालयांतून स्वतंत्रपणे हाताळली गेली आणि त्याची किंमत वाड्यांनी मोजली आहे.