ओसरीवरून : न सांपडलेला खेळ

ज्या मास्तरानें छत्तीस वर्षें वर्गांतील मुलांच्या हातून खेळ काढून घेऊन तेथें शब्दरूपावली ठेवली, त्यानेंच आज या पानावर खेळांची तरफदारी करावी, हें पाहून आमचे जुने विद्यार्थी हंसतील. हंसोत बापडे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरांत एक प्रसंग घडला. त्यांतून जें आम्हांस उमगलें, तें वाचकांपासून लपवून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा संगणकशास्त्राचा पदवीधर. बऱ्या पगाराची नोकरी होती. तीन वर्षांपूर्वीं ती सोडून तो एका मित्रासह आमच्या माडीवरील खोलींत व्हिडिओ गेम रचीत बसला. पुरानें फुगलेल्या नदीपलीकडच्या वाड्यांना होडींतून टपाल पोंचविणाऱ्या एका म्हाताऱ्या पोस्टमनचा तो खेळ. चित्रें मित्राचीं, बाकी सारी रचना याची. माडीवरचा दिवा पहांटेपर्यंत जळे, आणि विजेचें बिल पाहून बंधु कपाळाला आठ्या घालीत. अखेर जून महिन्यांत खेळ बाजारांत आला. पहिल्या आठवड्यांत तो ४१ जणांनीं विकत घेतला. त्यांतील ११ जण आमच्याच गोतावळ्यांतले! मुलगा पानावर बसे, भात कालवी आणि तसाच उठे. त्याची आई एकदां आम्हांस म्हणाली, “भाऊजी, खेळ वाईट आहे असें लोक म्हणाले असते, तर मनाची समजूत तरी घातली असती. पण कुणी पाहिलाच नाहीं, याला काय करावें?”

त्या माउलीचा हा प्रश्न आम्हांस कित्येक दिवस छळीत होता. म्हणून शिरस्त्याप्रमाणें आम्हीं त्याचा अभ्यास केला.

ज्यांना ‘स्वतंत्र’ किंवा ‘इंडी’ खेळ म्हणतात, ते मोठ्या कंपनीच्या भांडवलावांचून एकट्यादुकट्यानें वा चारसहा जणांनीं मिळून केलेले असतात. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानें ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवाडीचा खेळ सुमारें साडेचार वर्षें एकट्यानें खपून केला. कथा, चित्रें, संगीत सारें त्याचेंच. २०१६ सालीं तो प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. असें एखादें नांव कानीं पडलें, कीं घराघरांतील तरुणांना वाटतें, आपणहि करूं. करणें आतां पूर्वीइतकें कठीण राहिलेलें नाहीं. कठीण झालें आहे तें दिसणें.

त्याचें कारण बाजाराच्या रीतींत आहे. संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेठ म्हणजे व्हॅल्व्ह कंपनीचें ‘स्टीम’. ही पेठ २००३ सालीं सुरू झाली. आरंभीं कोणता खेळ मांडावयाचा हें दुकानदारच ठरवी. २०१२ सालापासून ग्राहकांचीं मतें घेऊं लागले. २०१७ च्या जूनपासून मात्र दर खेळामागें १०० डॉलर शुल्क भरून व जुजबी तपासणींतून पार पडून कोणासहि आपला खेळ तेथें मांडतां येतो. हें न्यायाचेंच झालें. पूर्वीं ज्यांना दारांतूनच परत जावें लागे, त्यांना आंत जागा मिळाली. परंतु दार उघडल्यावर गर्दी होणारच. २०२४ या एका वर्षांत त्या पेठेंत १८,००० हून अधिक नवे खेळ आले. म्हणजे दररोज सुमारें पन्नास! एखाद्या वाचनालयांत रोज पन्नास नवीं पुस्तकें येऊं लागलीं, तर ग्रंथपाल तरी कोणतें वाचणार, आणि सभासदाच्या हातीं कोणतें ठेवणार? अशा वेळीं जें अगोदरच खपत आहे तेंच पुढें मांडलें जातें. हा दुकानदाराचा दुष्टपणा नव्हे. गर्दीचा धर्मच तसा आहे.

मग जे खेळ सांपडले, ते कसे सांपडले? याचीं तीन उदाहरणें आम्हीं टिपून ठेवलीं आहेत.

‘अमंग अस’ नांवाचा खेळ तीन अमेरिकन तरुणांच्या ‘इनरस्लॉथ’ या मंडळीनें २०१८ सालीं काढला. दोन वर्षें त्याकडे फारसें कुणीं पाहिलें नाहीं. २०२० सालीं महामारींत लोक घरांत अडकले. त्या वेळीं आपला खेळ इतरांना थेट दाखविणाऱ्या कांहीं खेळाडूंनीं तो मित्रांसह खेळून दाखविला, आणि पहातां पहातां तो जगभर पसरला. कर्त्यांनीं त्याचा दुसरा भाग काढण्याचें जाहीर केलें होतें; तें रद्द करून ते जुन्याच खेळाची डागडुजी करीत बसले. खेळ तोच होता. दोन वर्षांत पालटलें होतें तें इतकेंच, कीं कुणीतरी तो मनापासून खेळतांना इतरांनीं पाहिला.

दुसरा खेळ ‘वर्डल’. हा शब्दांचा असल्यामुळें आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. जॉश वॉर्डल या गृहस्थांनीं तो आपली सहचारिणी पलक शाह यांच्याकरितां केला. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं तो ९० जणांनीं खेळला. २ जानेवारी २०२२ रोजीं ३ लाखांहून अधिकांनीं! जाहिरात नाहीं, पैसे नाहींत. आपण शब्द कितव्या प्रयत्नांत ओळखला, हें उत्तर न फोडतां रंगीत चौकटींनीं मित्राला कळवितां येई, एवढीच सोय. जानेवारी संपण्यापूर्वींच न्यूयॉर्क टाइम्सनें तो विकत घेतला.

तिसरें उदाहरण आपल्या पुण्याचें. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या तेथील लहानशा मंडळीनें ‘राजी’ नांवाचा खेळ रचला. असुरांनीं नेलेल्या आपल्या भावाला शोधावयास निघालेल्या एका मुलीची ती कथा. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणीची हांक दिली. ती रक्कम पुरी झाली नाहीं. तरी त्यांनीं काम टाकलें नाहीं. ऑगस्ट २०२० मध्यें निन्टेन्डो कंपनीनें स्वतंत्र खेळांच्या आपल्या एका प्रदर्शनांत हा खेळ जगापुढें मांडला आणि त्याच दिवशीं तो विक्रीस आला. त्या वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें पहिल्या स्वतंत्र कृतीच्या पारितोषिकासाठीं निवडलेल्या पांच खेळांत त्याचें नांव होतें.

तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान दिसते. खेळ आणि खेळणारा यांच्यामध्यें कुणीतरी माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “हा पहा.” ज्याला असा माणूस मिळाला नाहीं, तो खेळ चांगला असूनहि तळाशीं गेला.

ही मीमांसा आम्हीं एका रात्रीं जेवणानंतर घरांत ऐकविली, आणि तिचा परिणाम भलताच झाला! स्टीमवर दहा अभिप्राय जमल्यावांचून त्यांचा एकंदर निष्कर्ष खेळाच्या पानावर दिसत नाहीं. हें कळतांच बंधूंनीं बेत केला, कीं घरच्या सर्व मंडळींनीं एकेक भरघोस स्तुतिपर अभिप्राय लिहावा. आणि मसुदे करून देण्याचें काम अर्थातच संस्कृतच्या मास्तरांकडे! आम्हीं विचारलें, “तुमच्यापैकीं खेळ खेळून कुणीं पाहिला आहे?” कुणीं उत्तर दिलें नाहीं. आम्हीं म्हणालों, “उत्तरपत्रिका न वाचतां आम्हीं जन्मांत कुणाला गुण दिले नाहींत.” बंधु संतापले. “दादा, परक्यांच्या मुलांना तुम्ही शिफारसपत्रें दिलींत, आणि घरच्या पोराला दोन ओळी तुम्हांला जड झाल्या?” दोन दिवस ते आमच्याशीं बोलले नाहींत. मुलगा तर नजर चुकवूं लागला, आणि त्याचें दुःख आम्हांस बंधूंच्या रागापेक्षां अधिक झालें.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं पदरच्या पैशानें खेळ घेतला. फुकट मिळालेल्या प्रतीवरील अभिप्राय त्या निष्कर्षांत धरलाच जात नाहीं. पण तसा नियम नसता तरी आम्हीं विकतच घेतला असता. शेजारीं पुतणीला बसवून नऊ संध्याकाळ आम्ही खेळलों. होडी पहिल्याच वळणावर पांच वेळां बुडाली. पत्रांचीं अक्षरें इतकीं बारीक, कीं चष्म्यावर भिंग धरावें लागलें. वल्हें कसें मारावें याची सूचना नको तेथें व उशिरां. पण सातव्या संध्याकाळीं एका वाडीवर पोंचलों, तों जिच्या नांवें पत्र होतें ती म्हातारी वारलेली. आणि तें पत्र परत न्यावयाचें, कीं तिच्या दारांत ठेवावयाचें, हें खेळानें आम्हांवर सोंपविलें. आम्ही बराच वेळ हात आंखडून बसलों. हीं मुलें तीन वर्षें माडीवर काय करीत होतीं, तें त्या क्षणीं आम्हांस कळलें.

मग आम्हीं अभिप्राय लिहिला. पहिलें वाक्य, आम्ही या खेळाच्या एका कर्त्याचे चुलते आहों. दुसरें, अक्षरें बारीक आहेत. तिसरें, वल्ह्याची सूचना आधीं हवी. त्यानंतर त्या पत्राची गोष्ट, आणि हा खेळ कुणाला रुचेल व कुणाला कंटाळवाणा वाटेल हें.

मुलानें तो वाचला आणि कांहीं न बोलतां तो माडीवर गेला. आम्हांस वाटलें, आपण पोराचें मन मोडलें. त्याच आठवड्यांत त्यानें अक्षरें मोठीं करण्याची सोय केली. पुढें एका अपरिचित बाईंचा अभिप्राय आला, कीं चुलत्यानेंच दोष सांगितलेले पाहून विश्वास वाटला, आणि अक्षरें आतां मोठीं झालीं म्हणून वृद्ध वडिलांसह खेळावयास घेतला. तो अभिप्राय बंधूंनीं स्वतः आम्हांस मोठ्यानें वाचून दाखविला. खेळ कांहीं लाखांनीं खपला नाहीं. मुलगा सध्यां अर्धा वेळ नोकरी करतो आणि उरल्या वेळांत दुसरा खेळ रचतो. पण तो आतां पोटभर जेवतो.

वाचकहो, तुमच्या घरांत खेळणारीं मुलें असतीलच. त्यांना व तुम्हांला चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों.

वर मांडलेल्या दहा नांवांवरच थांबूं नका. स्टीमवर २०२१ पासून ‘नेक्स्ट फेस्ट’ नांवाची जत्रा वर्षांतून तीनदां भरते. तींत येऊं घातलेल्या खेळांचे नमुने विनामूल्य खेळतां येतात. २०१३ सालीं सुरू झालेल्या ‘इच डॉट आयओ’ या पेठेंत लहान व विलक्षण खेळ पुष्कळ मिळतात, आणि कित्येकांची किंमत घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली असते. आवडलेला पण अद्याप न घेतलेला खेळ ‘विशलिस्ट’ नांवाच्या यादींत नोंदवावा. तो प्रसिद्ध झाला वा स्वस्त झाला कीं तुम्हांस सूचना येते, आणि आपली वाट पाहणारे आहेत हें कर्त्यासहि कळतें. स्टीमवर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर मागतां पैसे परत मिळतात. म्हणून अपरिचित खेळ घेण्यांत फारसें भय नाहीं. अभिप्राय वाचतांना नुसती स्तुति किंवा नुसती शिवीगाळ सोडून, ज्यानें गुण व दोष दोन्ही मोजले आहेत त्याचें वाचावें. आणि खेळ आवडला, तर मित्राला सांगावें. “छान आहे” एवढें म्हणून न थांबतां काय आवडलें, तें सांगावें.

मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत सूत्रधारास प्रश्न केला आहे, कीं भासासारखे नांवाजलेले कवि असतां या हयात कालिदासाच्या नाटकाला एवढा मान कां द्यावा? ज्याला आपण आज कविकुलगुरु म्हणतों, त्याच्या वांट्यासहि ‘हा कोण नवा?’ हा प्रश्न आलाच होता. त्याचें नाटक पाहण्यापूर्वींच सभा उठून गेली असती तर? तेव्हां आपल्या मुलाचा खेळ असो कीं परक्याचा, अगोदर पहावा, मग बोलावें, आणि बोलावें तें खरें बोलावें. माडीवर दिवा अजून जळतो आहे, आणि बिल भरण्याची पाळी या महिन्यांत आमची आहे.