चिंचोके, डबे आणि चार वर्षांची नात

आमच्या कोठीतल्या घरी सध्या वाद चालू आहे. चार वर्षांच्या नातीला शाळेतून रोज दोन पानं एबीसीडी गिरवायला देतात. रडत गिरवते. सूनबाई म्हणते, "बाबा, बाकीची मुलं पुढे गेलीत." माझं मत उलट आहे.

ज्या बोटांना अजून फ्रॉकचं बटण लावता येत नाही, त्यांनी पेन्सिल कशी धरायची? आधी चिंचोके वेचू द्या, सुलतान बाजारातून मणी आणून ओवू द्या, कणकेचा गोळा मळू द्या. चिमटीत जोर येतो तो असा. (आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या, बोटांची अक्कल मला विचारा!) स्टीलचे डबे नि झाकणं पुढ्यात ठेवा, कुठलं कशावर बसतं हे शोधताना लहान-मोठं आपोआप कळतं. भातुकलीत तर ती एकटीच आई, दुकानदार आणि पाहुणी होते. तेवढं बोलणं कुठल्या वहीत येणार?

हे माझं खूळ नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. माँटेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्याच!

चिंचोके मात्र आपल्या नजरेसमोरच द्या, तोंडात जातात.

शनिवारी पालकसभा आहे. सूनबाईबरोबर मीही जाणार. तुमच्या नातवंडांच्या शाळेत काय चालतं, खाली जरूर लिहा.