अग्रलेखातला ‘आम्ही’ आणि प्रदेशाचा इतिहास

संपादकाने लिहिलेला इतिहासग्रंथ हाती आला की मराठी समीक्षा सहसा दोनच गोष्टी करते. एकतर लेखकाच्या त्यागाचा आणि ओघवत्या शैलीचा गौरव करून ती मोकळी होते. नाहीतर ‘हे ललित नव्हे’ असे म्हणून ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपविते. तेही ‘ही तर पत्रकारिता’ म्हणून तो परत पाठवितात. या टोलवाटोलवीत मराठवाड्याची स्वतःविषयीची कल्पना ज्या गद्याने घडविली, ते गद्य संहिता म्हणून वाचले गेलेलेच नाही.

अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) हा ग्रंथ या गद्याचे ठळक उदाहरण होय. भालेराव निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरलेले कार्यकर्ते होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्राचे ते पुढे संपादक झाले, आणि आणीबाणीत त्यांना तुरुंगवासही घडला. या नैतिक अधिकाराविषयी वाद नाही. वाद आहे तो हा अधिकार म्हणजेच इतिहासाचे प्रामाण्य असे मानण्याच्या समीक्षेच्या सवयीशी.

अग्रलेखाचा निवेदक ‘आम्ही’ म्हणून बोलतो. दैनिकात या ‘आम्ही’ला मर्यादा असतात: दुसऱ्या दिवशी वाचकाचे पत्र येते, प्रतिस्पर्धी पत्र उत्तर देते, कधी घटनाच मत खोटे पाडते. तोच ‘आम्ही’ ग्रंथात शिरला की त्याला त्याच पानावर अडविणारे कोणी उरत नाही. तो हळूहळू प्रदेशाच्या नावात विरघळतो, आणि ‘मराठवाड्याला वाटले’, ‘मराठवाडा पेटून उठला’ या जातीची वाक्ये प्रादेशिक इतिहासलेखनाची नित्याची भाषा बनतात. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष असतात. त्यांचा कर्ता नेमका कोण, हे विचारणे समीक्षेचे काम होते.

या कर्त्याची कसोटी पाहणारे दोन प्रसंग आहेत. पहिला सप्टेंबर १९४८ चा. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या प्रजेला ती मुक्तीच होती. परंतु पोलीस कारवाईनंतर झालेल्या मुस्लिमविरोधी हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचा समावेश केला. हा अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. समितीचे एक सदस्य काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू पत्राचे संपादक राहिलेले होते. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये ज्यांची हत्या झाली, ते ‘इमरोज’चे शोएबुल्ला खान हेही उर्दू संपादकच. प्रदेशाच्या ‘आम्ही’त या संपादकांना आणि त्या मृतांना कोणती जागा आहे?

दुसरा प्रसंग १९७८ चा. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांतून दलितांची घरे जळाली. ‘मराठवाडा’ दैनिकाची भूमिका नामांतराच्या विरोधी होती. प्रादेशिक अस्मितेचा युक्तिवाद तेव्हा सर्वतोमुखी झाला. परंतु ज्यांची घरे जळाली तेही याच प्रदेशाचे रहिवासी होते. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षे ‘मराठवाडा’ हा शब्द कोणाच्या वतीने बोलत होता, हा प्रश्न राजकारणाइतकाच वाङ्मयीनही आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात हा प्रश्न याआधीच विचारला गेला आहे. शार्लट शहरातील पत्रकार डब्ल्यू. जे. कॅश याने १९४१ मध्ये ‘द माइंड ऑफ द साउथ’ हा ग्रंथ लिहिला. शैली झपाटून टाकणारी, स्वजनांवरील टीका निर्भीड. पण शीर्षकातले ‘मन’ एकवचनी. सी. व्हान वुडवर्ड यांच्यासारख्या इतिहासकाराने पुढे त्यावर घेतलेला आक्षेप मुळाशी जाणारा होता: या मनात काळ्या माणसाचे मन नाही. त्याच्या अर्धशतक आधी आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार स्त्रीचे मेम्फिसमधील ‘फ्री स्पीच’ हे पत्र जमावाने १८९२ मध्ये उद्ध्वस्त केले होते. वेल्स यांनी १८९५ च्या पुस्तकात झुंडबळींची गणना मांडली ती गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील नोंदींवरून. प्रबळांच्या बातमीतून प्रबळांविरुद्धचा पुरावा काढणारे हे वाचन मराठी समीक्षेला परके वाटण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप येईल: लढलेल्या माणसाने आपल्या बाजूने लिहू नये काय? अवश्य लिहावे. पक्षपात हा दोष नव्हे. पक्ष झाकला जाणे हा दोष आहे. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पत्रांनी आपण कोणाच्या वतीने बोलतो हे शीर्षकातच सांगितले होते. प्रदेशाचे नाव धारण करणाऱ्या पत्राला असे सांगण्याची गरजच भासत नाही, आणि नेमकी तेथेच समीक्षकाने थांबून विचारणा करावयाची असते.

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरासारख्या वस्तीतील एखादा विद्यार्थी परीक्षेसाठी मुक्तिसंग्राम पाठ करतो, तेव्हा तो हाच ‘आम्ही’ पाठ करीत असतो. त्याचे आजोबा या ‘आम्ही’त होते की त्याच्या बाहेर, हे विचारण्याची सोय त्या गद्यात नाही. ती सोय समीक्षेने करून द्यावी. भालेरावांचा ग्रंथ, सुंदरलाल अहवाल, उर्दू पत्रांच्या जुन्या फायली आणि याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या ‘अस्मितादर्श’चे अंक एका टेबलावर ठेवून वाचले जात नाहीत, तोवर मराठवाड्याचा इतिहास लिहिला गेला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही एका ‘आम्ही’ला नाही.