निदानापुरता तुकडा पुरत नाही

स्वादुपिंडाच्या कर्करोगात के-रास हे जनुक बिघडलेले असते, हे १९८८पासून माहीत आहे. दहांपैकी नऊ रुग्णांत हा बिघाड सापडतो. तरी उपचाराच्या दृष्टीने ही माहिती कित्येक वर्षे निरुपयोगी होती; या प्रथिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर औषधाला धरायला जागाच मिळत नव्हती. २०१३मध्ये केव्हन शोकात यांच्या प्रयोगशाळेने जी१२सी प्रकारात अशी एक खोबण दाखवली आणि २०२१मध्ये सोटोरासिब फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. आपल्या स्वादुपिंडाच्या रुग्णांत मात्र जी१२सी शंभरात एखाद-दोघांनाच. इथे वरचष्मा जी१२डीचा. रासचे बहुतेक प्रकार सक्रिय अवस्थेतच रोखणारे डॅराक्सॉनरासिब आता तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचले आहे. आशेला जागा आहे, पण तिची वाट प्रयोगशाळेच्या अहवालातून जाते आणि घोडे तिथेच अडते.

या गाठीत कर्करोगपेशी कमी आणि तंतुमय ऊतक फार. बारीक सुईने ओढलेल्या चार पेशींवर ‘ॲडिनोकार्सिनोमा’ एवढे लिहिता येते. जनुकवाचनाला त्या पुरत नाहीत. मग ‘नमुना अपुरा’ असा शेरा येतो, तोवर केमो सुरू झालेली असते आणि पुन्हा सुई घालायला कुणी धजत नाही. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करणाऱ्याने शक्य तिथे बायोप्सीची सुई वापरून सलग तुकडा काढावा. पॅथॉलॉजिस्टनेही नको त्या रंजकचाचण्यांत ब्लॉक संपवू नये. दोघांचे आधी बोलणे झाले तर हे सहज जमते. होत नाही, ही खरी अडचण.

व्यापक जनुक-पॅनेल महाग आहे, मान्य. पण आनुवंशिक बीआरसीए दोषासाठी गाठीचा तुकडा लागतच नाही, रक्त पुरते. मावशीला किंवा बहिणीला स्तनाचा, अंडाशयाचा कर्करोग होता का, हे विचारावेच. मात्र ‘घरात कुणाला नाही’ या उत्तरावर तपासणी टाळू नये. दोष सापडला तर प्लॅटिनमयुक्त केमोकडे कल ठेवता येतो, नातेवाइकांना वेळीच सावध करता येते. २०१९च्या पोलो चाचणीत असा दोष असलेल्या रुग्णांत ओलापॅरिब या औषधाने आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ३.८वरून ७.४ महिन्यांवर नेला. एकूण आयुष्य वाढले नाही, हेही रुग्णाला सांगायला हवे.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांच्या गटाने २०२३मध्ये मांडलेली एमआरएनए लसही प्रत्येकाच्या काढलेल्या गाठीतील उत्परिवर्तने वाचूनच बनवली होती. सोळांपैकी आठ जणांत टी-पेशींचा प्रतिसाद दिसला. चाचणी लहानच, ‘कर्करोगावर लस सापडली’ म्हणण्याजोगी मुळीच नाही. पण तिथेही सुरुवात चांगल्या नमुन्यापासून झाली.

तेव्हा पुढच्या रुग्णाच्या मागणीपत्रावर ‘जनुकीय तपासणीसाठीही पुरेसा नमुना घ्यावा’ एवढी एक ओळ आवर्जून लिहा, आणि त्याच दिवशी बीआरसीएसाठी रक्त पाठवा.